पोथी क्रमांक एक्केचाळीस, पत्रसंख्या एक

दिनांक १२ डिसेंबर २०२५, शुक्रवार. लिहिण्यास सुरुवात सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी.

नाव: शरदिनी काशीनाथ पुणतांबेकर. वय: ६९ वर्षे. शिक्षण: बी.एस्सी., बी.एड. व्यवसाय: निवृत्त गणित शिक्षिका. राहणार: दुर्गाघाट, वाराणसी.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती काशीनाथ पुणतांबेकर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी वारले. मुलगा निमिष नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. २ डिसेंबर रोजी मी याच ठाण्यात प्रल्हाद विश्वकर्मा, वय ५२, लॅपटॉप दुरुस्तीचे दुकानदार, यांच्याविरुद्ध चोरीची तक्रार दिली होती. ती तक्रार चुकीची होती. हे सांगण्यासाठी मी आज कोणी न बोलावता आले आहे. उपनिरीक्षक साहेबांनी 'गैरसमजुतीने दिलेली' असे लिहावे म्हणून सुचवले. मी 'चुकीची' असेच लिहीत आहे.

हा जबाब मी मराठीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. २ तारखेचा जबाब मी बोलत गेले आणि ठाण्याचे लेखनिक मुन्शीजी यांनी तो हिंदीत लिहिला. त्यात प्रल्हाद यांच्याविषयी 'शातिर', म्हणजे बनेल, आणि 'नीयत पहले से खराब' असे शब्द आले. ते मी उच्चारले नव्हते. वाचून दाखवला तेव्हा ते मला खटकले, पण एकूण मजकूर मला हवा तसा होता, म्हणून मी सही केली. आजच्या जबाबाचा हिंदी अनुवाद आमचे शेजारी श्री. बिंदुमाधव लेले, निवृत्त बँक अधिकारी, करून जोडतील. ते बाहेर बाकावर बसले आहेत.

माझे पती ऋग्वेदाचे घनपाठी होते. घन म्हणजे मंत्रातले शब्द सुटे करून, पुढे-मागे ठरलेल्या क्रमाने पुन्हा जोडून म्हणण्याची रीत. एक स्वर किंवा एक शब्द हलला तरी म्हणणाऱ्याला कळते. त्यांच्या घरी ही परंपरा सात पिढ्या होती. आठवी पिढी म्हणजे निमिष. त्याला अभियांत्रिकीला घालण्याचा निर्णय मुख्यतः माझा होता. दोन शिष्य आले होते. दोघेही नोकऱ्या लागल्यावर गेले. त्यानंतर माझ्या पतींनी सगळे स्वतःच्या आवाजात लॅपटॉपवर भरून ठेवायचे ठरवले.

पहिला लॅपटॉप २०१९ साली घेतला होता. तो दिसायला चांगला, पातळ होता. जून २०२२ मध्ये विजेचा दाब एकाएकी वाढला आणि तो बंद पडला. मी तो गल्लीतल्या प्रल्हाद यांच्या दुकानात नेला. त्यांनी मागचे झाकण गरम करून उचकटले, कारण ते डिंकाने चिकटवलेले होते. आत पाहून म्हणाले, "सब एक ही बोर्ड पर टाँका मारा हुआ है, बहनजी. एक जला तो सब जला." साठवणीचा भाग वेगळा काढता येत नव्हता. शहरातल्या मोठ्या दुकानानेही तेच सांगितले आणि नवीन घ्या म्हणाले. तीन वर्षांचे ध्वनिमुद्रण गेले.

जानेवारी २०२३ मध्ये निमिष आला तेव्हा त्याने वडिलांसाठी वेगळ्या प्रकारचा लॅपटॉप आणला. असा इथल्या दुकानांत मिळत नाही. त्याला खालून पाच स्क्रू असतात. पेचकस डब्यातच मिळतो. स्क्रू सैल केले तरी झाकणातून गळून पडत नाहीत. आत बॅटरी, कळफलक, स्मरणाचा भाग, साठवणीचा भाग, चार्जरची जागा, सगळे सुटे असते आणि प्रत्येक भागावर त्याचे नाव छापलेले असते. बिघडेल तेवढा भाग काढायचा आणि दुसरा बसवायचा. निमिषने तो देवघरासमोरच्या चटईवर पूर्ण सुटा केला आणि पुन्हा जोडून चालू करून दाखवला. माझे पती बघत होते. म्हणाले, "ह्याचा पदपाठ होतो की." पदपाठ म्हणजे मंत्र शब्दाशब्दाने सुटा करणे. त्यानंतर त्यांना त्या यंत्राचे भय राहिले नाही. त्यांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी पहिल्या सूक्तापासून पुन्हा म्हणायला घेतले. रोज सकाळी अर्धा तास. तेवढा वेळ मी कुकर लावत नसे.

या लॅपटॉपची देखभाल प्रल्हाद करत. त्यांचे वडील त्याच दुकानात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. २०२३ साली कळफलकात तपकीर जाऊन सहा कळा अडकल्या, तेव्हा निमिषने नुसता कळफलक पाठवला आणि प्रल्हाद यांनी वीस मिनिटांत बसवला. २०२४ साली बॅटरी बदलली. काढलेला प्रत्येक जुना भाग त्यांनी तारीख लिहून, कागदी पाकिटात घालून परत दिला. खराब झालेला कळफलकसुद्धा दिला. ती त्यांची रीत आहे आणि मला ती माहीत होती. २ तारखेच्या जबाबात मी ती सांगितली नाही. कोणी विचारलेही नाही.

माझ्या पतींचे म्हणणे २ जुलै २०२५ रोजी पूर्ण झाले. एकूण चारशे बारा तास. त्या दिवशी त्यांनी मला साखरभात करायला सांगितला होता. साठवणीचा भाग जवळजवळ भरला होता आणि लॅपटॉप तशी सूचना देत होता. त्यात तो भाग बसवायला एकच खाच आहे, म्हणून जुना काढून मोठा बसवायचे ठरले. १४ जुलै, सोमवार, दुपारी साधारण चार वाजता प्रल्हाद आमच्या घरी आले व त्यांनी मोठा भाग बसवला. जुना भाग चुइंगमच्या पट्टीएवढा असतो. त्याचे वजन मला हातावर जाणवलेही नसते.

२ तारखेच्या जबाबात मी असे सांगितले आहे की, "मी संपूर्ण वेळ समोर होते, मला लक्ष देऊन पाहण्याची सवय आहे, आणि जुना भाग परत दिलेला मी पाहिला नाही." यातले पहिले विधान खरे नाही. मी स्वयंपाकघरात होते. दुसरे विधान मी चाळीस वर्षे विद्यार्थिनींना स्वतःबद्दल सांगत आले.

ऑगस्टमध्ये माझ्या पतींचे मूत्रपिंड बिघडले. तेव्हापासून लॅपटॉप उघडला गेला नाही. दिवाळीनंतर ते रुग्णालयातच होते. शेवटच्या आठवड्यात ते मला दोनदा म्हणाले की, पोथ्यांकडे बघ. मला वाटले, वाळवीबद्दल म्हणत आहेत.

आमच्याकडे पोथ्यांची सुटी पत्रे, म्हणजे पाने, दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवतात आणि लाल कापडात, म्हणजे बासनात, बांधतात. अशा पोथ्या आमच्याकडे एक्केचाळीस होत्या. ज्या घरात वाचणारे कोणी उरले नाही तिथल्या जीर्ण आणि अपुऱ्या पोथ्या रद्दीत देत नाहीत, गंगेत सोडतात. आमच्या वस्तीत अशीच पद्धत आहे. चांगल्या पोथ्या मी एका पाठशाळेला देऊ केल्या. उरलेल्या सोळा, ज्यांवर माझ्या पतींनी 'जीर्ण', 'अपूर्ण' किंवा 'अशोधित' अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्या मी बाजूला काढल्या. अशोधित म्हणजे तपासून शुद्ध न केलेली. जिचे शोधन करणाराच गेला तिचा कोणाला उपयोग नाही, असा मी विचार केला. मी कामे रेंगाळू देत नाही.

माझे पती कोणालाही स्नानाशिवाय पोथी सोडू देत नसत. मी सोवळेओवळे कधी पाळले नाही व त्यावरून आमचे पुष्कळ वाद झाले. त्या दिवशी माझे केस धुवायचे राहिले होते. म्हणून मी एकही बासन सोडून पाहिले नाही. फक्त क्रमांक आणि हाताला जाणवलेले वजन अशी यादी केली. ती यादी या जबाबासोबत जोडली आहे. त्यात वरून अकराव्या ओळीत माझ्या अक्षरात लिहिले आहे: '४१, हलकी.'

१९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी आठ वाजता मी दुर्गाघाटावरून लल्लन निषाद यांची नाव केली. मध्यधारेत गेल्यावर पोथ्या एकेक सोडल्या. पंधरा बुडाल्या. एक बुडेना. आत पत्रांचे वजन नसल्याने फळ्या तरंगत होत्या आणि लाल बासन फुगून वर आले होते. ती नावेबरोबर काही अंतर आली. लल्लन म्हणाले, "काकी, ई त जाए के नाहीं चाहत बा." मी त्यांना वल्ह्याने दाबायला सांगितले. त्यांनी दोनदा दाबली. दुसऱ्या वेळी ती गेली.

३० नोव्हेंबर, रविवार, निमिषचा फोन आला. जानेवारीत येईन तेव्हा बाबांच्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत घेऊन जाईन, किती फाइली आहेत ते बघून ठेव, असे म्हणाला. मी लॅपटॉप चालू केला. त्यात १४ जुलैची अकरा मिनिटांची एकच फाइल होती. तिचे पहिले मिनिट मी ऐकले. त्यात प्रल्हाद 'हलो, हलो' म्हणत होते. चाचणी आहे असे समजून मी ती बंद केली. निमिष फोनवर म्हणाला, "आई, जुना भाग घरातच असेल, नीट शोध." मी म्हणाले, मी शोधले आहे. मी कपाटाचे दोन खण पाहिले होते.

२ डिसेंबर रोजी मी तक्रार दिली. उपनिरीक्षक साहेबांनी विचारले की, लॅपटॉप तुमच्याकडे आहे, चालू आहे, त्याचा क्रमांकही पावतीवरचाच आहे, मग चोरीला काय गेले. मी फळ्यावर समजावते तसे त्यांना समजावले की, यातला कोणताही भाग बाहेरून न कळता बदलता येतो, आणि हे करू शकणारा आमच्या गल्लीत एकच माणूस आहे. साहेबांना ते पटले. पटवून देणे हे माझे काम होते व ते मला येते.

३ डिसेंबरला प्रल्हाद यांच्या दुकानाची झडती झाली. जप्तीच्या यादीत सातव्या क्रमांकावर अॅल्युमिनियमची एक लहान डबी आहे. तिच्यावर 'पं. काशीनाथ' अशी चिठ्ठी आहे आणि डबी रिकामी आहे. माझ्या पतींचे नाव असलेली रिकामी डबी हा संशयाचा मुख्य आधार धरला गेला, प्रल्हाद यांना अटक झाली आणि दुकानाला सील लागले. प्रत्यक्षात ती डबी जुना साठवणीचा भाग बाहेर ठेवून लॅपटॉपला जोडण्यासाठी असते. माझ्या पतींना बसून जुने ध्वनिमुद्रण ऐकता यावे म्हणून प्रल्हाद यांनी ती मागवून ठेवली होती. ऑगस्टमध्ये ती आली तेव्हा माझे पती आजारी होते. प्रल्हाद एकदा विचारायला आले होते. मी दारातूनच सांगितले की, आता या गोष्टींना वेळ नाही.

५ डिसेंबर रोजी सकाळी प्रल्हाद यांच्या पत्नी आनंदी देवी माझ्या घरी आल्या. त्या माझ्या विद्यार्थिनी. नववीला त्यांना मी दोन वेळा नापास केले होते. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बहनजी, आप तो कॉपी बिना पूरी देखे एक नंबर नहीं देती थीं." मी त्यांना सांगितले की, तपास पोलिसांच्या हातात आहे. त्यानंतर मी दार लावले. त्या पायऱ्यांवर किती वेळ होत्या ते मला माहीत नाही. भाजीवाली म्हणाली, बराच वेळ होत्या.

१० डिसेंबर, बुधवार, साहेबांनी न्यायालयासाठी लॅपटॉपची मूळ पावती मागितली. ती शोधताना सकाळी दहाच्या सुमारास माझ्या पतींची पोथ्यांची सूची हाती आली. सूचीत शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात अशी आहे: 'क्र. ४१. ऋक्संहिता, घन. स्वमुखोक्त. अशोधित. शके १९४७, आषाढ. पत्रसंख्या १.'

स्वमुखोक्त म्हणजे स्वतःच्या तोंडून सांगितलेली. घनाची पोथी एका पत्राची असू शकत नाही, हे मला पन्नास वर्षे त्या घरात राहून माहीत आहे. मी ती ओळ चार वेळा वाचली. मग माझी यादी काढली.

त्यानंतर मी लॅपटॉपमधली अकरा मिनिटांची फाइल शेवटपर्यंत ऐकली. प्रल्हाद यांनी नवीन भाग नीट चालतो का हे पाहण्यासाठी ध्वनिमुद्रण सुरू केले होते आणि ते बंद करायचे राहिले होते. या तपासाशी संबंधित भाग मी जसाच्या तसा उतरवून देत आहे.

प्रल्हाद: "पंडितजी, पाँचों पेच तो आपने खुद खोल लिए. अब हमारी दुकान बंद करवाएँगे क्या?"

माझे पती: "दुकान खुली रखो. हम नहीं रहेंगे तो इनको कौन खोल के देगा? ये तो पेचकस को हाथ नहीं लगातीं."

प्रल्हाद: "कहिए तो पुराने का सारा माल नए में उतार दें. आधा-एक घंटा लगेगा. हम बैठे हैं."

माझे पती: "नहीं. बिना शोधे पोथी की नकल नहीं होती. गलती हुई तो दो जगह हो जाएगी. पहले हम पूरा सुनेंगे, फिर उतारना."

प्रल्हाद: "चार सौ घंटा सुनेंगे?"

माझे पती: "बोले हैं तो सुनेंगे भी."

प्रल्हाद: "तो ये अपने हाथ से रखिए, पंडितजी. हमारे यहाँ मत छोड़िए. दुकान में चूहा भी है, पानी भी टपकता है."

यानंतर माझे पती मराठीत बोलतात.

माझे पती: "अगं, ऐकतेस का? हे मी एक्केचाळीस नंबरात बांधून ठेवतोय. लक्षात ठेव."

मी: "ठेवते. चहा निवतोय, आधी घ्या."

माझे पती: "लक्षात ठेव म्हणालो."

मी: "ठेवते म्हटलं ना."

यापुढे चार मिनिटे कपबशांचा आवाज आहे.

या संभाषणातील स्त्रीचा आवाज माझा आहे. हे संभाषण झाल्याचे मला आजही आठवत नाही.

मी १० तारखेलाच दुपारी दोन वाजता ठाण्यात आले होते. साहेब बंदोबस्तावर होते. मुन्शीजी म्हणाले, परवा या. ११ तारखेला मी आनंदी देवींच्या घरी गेले आणि दारातच त्यांना सगळे सांगितले. त्यांनी मला पाणी दिले. मग त्या म्हणाल्या की, आज मुलाखतीचा दिवस आहे, कागदावर आणखी एका माणसाचे नाव घालता येते. आम्ही दोघी एकाच रिक्षाने कारागृहात गेलो.

प्रल्हाद जाळीपलीकडे आले. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट एकत्र पट्टीत बांधलेले होते. कारण मी विचारले. ते म्हणाले, ठाण्यात घसरून पडलो. आज हेच मी उपनिरीक्षक साहेबांना विचारले. तेही म्हणाले, घसरून पडला. दोघांनी सांगितले तसे मी येथे लिहिले आहे. साहेबांचे म्हणणे आहे की हा परिच्छेद या प्रकरणाशी संबंधित नाही, तो काढावा. मी तो काढलेला नाही.

मी प्रल्हाद यांना झालेले सांगितले. त्यांनी पहिल्यांदा विचारले, "पुराना वाला मिला न, बहनजी?" मी म्हणाले, कुठे आहे ते कळले. पुढचे सांगितले तेव्हा त्यांनी आनंदी देवींकडे पाहिले. मग म्हणाले, "पानी से तुरंत कुछ नहीं होता उसको. निकाल के सुखा लें, साफ़ कर लें, तो चल भी जाता है. कहाँ छोड़ा था? घाट के पास कि बीच में?"

मी म्हणाले, बीच में.

"कितना दिन हुआ?"

मी म्हणाले, बावीस. त्यांनी मान हलवली. मी क्षमा मागायची तयारी करून गेले होते, वाक्येही ठरवली होती. वेळ संपल्याची घंटा झाली. ती वाक्ये मी म्हटली नाहीत.

परत आल्यावर मी लल्लन निषाद यांच्याकडे गेले. त्यांना जागा साधारण आठवते. ते म्हणाले, तिथे चाळीस हात पाणी आहे, खाली गाळ आहे, आणि धार काही ठेवत नाही. तरीही आज सकाळी सहा वाजता ते माझ्यासाठी तिथे नाव घेऊन गेले आणि गळ टाकून तासभर फिरले. एक लाकडी फळी मिळाली. ती आमची नव्हती.

आज ठाण्यात लॅपटॉप पुरावा म्हणून जमा करण्यास मला सांगण्यात आले. मी विनंती केली की, ध्वनिमुद्रण ज्या भागात आहे तेवढाच भाग घ्यावा. साहेबांनी ते कसे करणार असे विचारले. पंचांसमक्ष मी पिशवीतून पेचकस काढला, लॅपटॉप उलटा केला, पाच स्क्रू सैल केले आणि झाकण उचलले. साठवणीचा भाग कोणता हे त्यावरच लिहिलेले आहे. एक लहान स्क्रू काढून मी तो बाहेर घेतला आणि टेबलावर ठेवला. यास चार मिनिटे लागली. मी हे पहिल्यांदाच केले. त्या भागावर तळाशी बोरूच्या बारीक अक्षरात, माझ्या पतींच्या हातचे, '४२' असे लिहिलेले आढळले. ही पुढची पोथी होती. पंचांनी तशी नोंद घेतली.

जमा करण्यापूर्वी घरी त्या अकरा मिनिटांची नक्कल करून ठेवता आली असती. मी ती केली नाही. पुराव्यात फेरफार झाला, असे पुढे कोणी म्हणू नये आणि त्यापायी प्रल्हाद यांची सुटका लांबू नये, एवढेच कारण. आता नक्कल मागितली तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय देता येत नाही, असे मला सांगितले आहे. कधी मिळेल हे सांगता येत नाही, असेही सांगितले आहे. भाग कापडी पाकिटात घालून लाखेने बंद केला. त्या भागाखेरीज माझ्या पतींचा आवाज कुठेही नाही.

माझी मागणी अशी की, प्रल्हाद विश्वकर्मा यांना आजच सोडावे, त्यांच्या दुकानाचे सील काढावे, आणि चुकीची तक्रार दिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होते ती करावी. साहेबांनी सांगितले की, प्रल्हाद न्यायालयाच्या कोठडीत असल्याने त्यांना सोडणे ठाण्याच्या हातात नाही. हा जबाब, त्याचा अनुवाद आणि अहवाल न्यायालयात जाईल. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. सोमवारी कागद पुढे आला तर तारीख मिळेल. माझ्यावरच्या कारवाईबद्दल ते म्हणाले, "माताजी, घर जाइए, आराम कीजिए."

दुकानाची जागा घरमालकाने ६ तारखेलाच दुसऱ्याला देऊ केली आहे. आतले सामान, दुरुस्तीला आलेले सतरा लोकांचे लॅपटॉप आणि त्यांचे सुटे भाग, पोलिसांनी गोण्यांत भरून नेले. कोणता भाग कोणाचा ही नोंद पाकिटांवर होती. पाकिटे फाडून पाहिली गेली. ते भाग पुन्हा ज्याचे त्याला जोडून देणे फक्त प्रल्हाद यांनाच येईल. आणि त्यासाठी अंगठा आणि पहिले बोट लागते.

याशिवाय मला काही सांगायचे नाही.

हा जबाब मी स्वतः लिहिला, साहेबांसमोर स्वतः मोठ्याने वाचला, आणि श्री. लेले यांनी त्याचा अर्थ मुन्शीजींना हिंदीत सांगितला. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. हा माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. २ डिसेंबरचा जबाबही मला वाचून दाखवण्यात आला होता, तोही बरोबर आहे असे मी म्हणाले होते, आणि त्याखालची सहीही माझीच आहे.

शरदिनी काशीनाथ पुणतांबेकर
दुपारी १ वाजून ५५ मिनिटे